नऊ-सहा आणि आठ-पाच

दिवाळीच्या पाडव्याला पंचांगात बलिप्रतिपदेबरोबर आणखी एक नाव आहे, ते म्हणजे द्यूतप्रतिपदा. वर्षातून या एका दिवशी फासे हाती घेण्याची मुभा आपल्या पूर्वजांनी दिली आणि उरलेल्या दिवसांसाठी धर्मराजाची आणि नळाची कथा सांगून ठेवली. नळाची कथा आपण बहुधा दमयंतीसाठी ऐकतो. परंतु वनपर्वात तिच्या अखेरीकडे एक लहानसा प्रसंग आहे, तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. राजा ऋतुपर्ण अयोध्येहून विदर्भाकडे रथातून निघाला आहे. बाहुक नावाने त्याचा सारथी झालेला नळच रथ हाकतो आहे. वाटेत बेहड्याचे झाड लागते. राजा त्याच्यावर नुसती नजर टाकतो आणि त्याला पाने किती, फळे किती ते सांगतो. नळ झाड तोडून मोजून पाहतो, तो आकडा बरोबर! ही विद्या म्हणजेच अक्षविद्येचे मर्म. ती पदरी पडताच नळाच्या अंगातला कली बाहेर निघतो. बेहड्याचीच फळे त्या काळी फासे म्हणून वापरीत, हे लक्षात घेतले म्हणजे कथेचा रोख कळतो. जुगाराचे मर्म दैवात नसून मोजणीत आहे, हे आपल्या कथाकारांना ठाऊक होते.

युरोपात हीच गोष्ट शास्त्राच्या रूपाने पुढे आली ती १६५४ साली, आणि तीही दोन सारख्या दिसणाऱ्या खेळांमुळे. शेव्हालिए द मेरे नावाच्या फ्रेंच गृहस्थापुढे एक कोडे होते. एक फासा चार वेळा टाकून एकदा तरी सहा पाडावयाचे, हा पहिला खेळ. दोन फासे चोवीस वेळा टाकून एकदा तरी दोन्हीवर सहा पाडावयाचे, हा दुसरा. सहाला चार जसे, तसेच छत्तीसला चोवीस. तेव्हा दोन्ही खेळ सारखेच, असे वरवर पाहणारा म्हणेल. परंतु मोजून पाहता पहिल्यात शंभरांपैकी सुमारे ५१.८ वेळा जिंकता येते आणि दुसऱ्यात सुमारे ४९.१ वेळा. एक खेळ किंचित लाभाचा, दुसरा किंचित तोट्याचा. हे कोडे पास्कालने फर्माला लिहिलेल्या पत्रात आलेले आहे. त्या दोघांच्या पत्रव्यवहारातूनच संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला गेला.

या पत्रव्यवहारानंतर सव्वातीनशे वर्षांनी तेच कोडे अमेरिकेत, नेवाडाच्या वाळवंटात, एका पेटीच्या रूपाने पुन्हा उभे राहिले. त्या पेटीची हकीकत सांगण्याजोगी आहे.

पोकर हा अमेरिकेचा लाडका पत्त्यांचा खेळ. आपल्याकडची तीन पत्ती ही त्याच घराण्यातली, फक्त पोकरमध्ये पाने पाच असतात. १८९१ साली न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये सिटमन आणि पिट या कारखानदारांनी हा खेळ यंत्रात घातला. पाच फिरत्या पिंपांवर पत्ते बसविलेले असत. नाणे टाकून दांडा ओढला की पिंपे फिरत आणि थांबली म्हणजे समोर पाच पाने दिसत. बक्षीस यंत्रातून पडत नसे. डाव चांगला लागला तर दुकानदार एखादी चिरूट किंवा पेला पुढे करी. या यंत्रात एक मेख होती. पाच पिंपांवर मिळून पत्ते बसत पन्नास, आणि जोडात तर असतात बावन्न! जी दोन पाने वगळली जात ती बहुधा इस्पिकची दश्शी आणि बदामचा गुलाम. एकाच रंगाची दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि एक्का हा पोकरमधला सर्वांत मोठा डाव. त्याला रॉयल फ्लश म्हणतात. हा डाव चार रंगांत चार प्रकारे लागू शकतो. ही दोन पाने काढली की त्यांतले दोन प्रकार अशक्यच झाले. खेळणाराने कितीही नाणी टाकली तरी इस्पिकचा किंवा बदामचा रॉयल फ्लश त्याला कधीही दिसावयाचा नाही. दुकानदाराचा नफा असा जोडातच लपविलेला असे.

१९३१ साली नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर केला आणि पुढे लास व्हेगास शहर त्यावर भरभराटले. पडद्यावर पत्ते दाखविणारी यंत्रे मात्र १९७० नंतरच्या दशकातली. हा धंदा जोरात आणला तो साय रेड यांनी. हे मूळचे मिसिसिपीचे, नेवाडात बॅली कंपनीच्या यंत्रांचे वितरक. स्वतंत्र झाल्यावर त्यांच्या कंपनीने १९७९ साली ‘ड्रॉ पोकर’ नावाचे यंत्र बाजारात आणले. तीच कंपनी पुढे इंटरनॅशनल गेम टेक्नॉलॉजी या नावाने जगभर पसरली. यंत्र पाच पाने देते. त्यांतली हवी ती ठेवावयाची, नको ती टाकावयाची आणि तेवढीच नवी घ्यावयाची, एवढाच खेळ. समोर कोणी प्रतिस्पर्धी नाही, म्हणून चेहरा लपविण्याचे कारण नाही. इतर यंत्रांत दांडा ओढून वाट पाहण्यापलीकडे माणसाच्या हाती काही नसते. येथे मात्र प्रत्येक डावात निर्णय करावा लागतो. हे या यंत्राचे आकर्षण, आणि पुढच्या साऱ्या गणिताचे मूळही हेच.

नेवाडाच्या नियमांनी येथे एक महत्त्वाची अट घातली. यंत्र जर खऱ्या पत्त्यांच्या खेळाचे रूप घेत असेल, तर प्रत्येक पान निघण्याची शक्यताही खऱ्या जोडातल्याइतकीच असली पाहिजे. ब्रुकलिनची दोन पाने काढण्याची युक्ती अशी बंद झाली. बावन्न पत्त्यांतून पाच पानांचे २५,९८,९६० डाव होतात आणि ते सगळे समान शक्य असले पाहिजेत. मग मालकाने नफा मिळवावा कोठून? त्याला एकच जागा उरली. ती म्हणजे यंत्राच्या दर्शनी भागावर छापलेले बक्षिसांचे कोष्टक.

‘जॅक्स ऑर बेटर’ हा या यंत्रांतला मूळ खेळ. गुलामाची किंवा त्याहून वरची जोडी लागली की लावलेले नाणे परत. दोन जोड्यांना दोन, तीन सारख्या पानांना तीन, ओळीने पाच पाने आली तर चार. एकाच रंगाची पाच पाने म्हणजे फ्लश, त्याला सहा. तीन सारखी आणि दोन सारखी म्हणजे फुल हाउस, त्याला नऊ. चार सारख्यांना पंचवीस. रॉयल फ्लशला, पाच नाणी लावली असतील तर, नाण्यामागे आठशे. हे झाले ‘नऊ-सहा’चे कोष्टक. शेजारी अगदी तसेच दुसरे यंत्र असते. तेच नाव, तोच पडदा, तीच बटणे. फक्त फुल हाउसला नऊच्या जागी आठ आणि फ्लशला सहाच्या जागी पाच. हे झाले ‘आठ-पाच’. जाणारायेणारा दोन्हींकडे पाहतो आणि जेथे खुर्ची रिकामी तेथे बसतो.

एकेका नाण्याचा हा फरक किती मोलाचा? फुल हाउस सरासरीने सुमारे ८७ डावांत एकदा लागतो आणि फ्लश सुमारे ९१ डावांत एकदा. प्रत्येकाचे एक नाणे कमी केले की शेकडा एकाहून थोडे अधिक मालकाच्या पदरात पडते. बिनचूक खेळणाऱ्याला नऊ-सहाच्या यंत्रावर शंभरामागे ९९.५४ परत मिळतात आणि आठ-पाचवर ९७.३०. दोन्ही आकडे शंभराजवळचेच, असे वाटेल. परंतु खेळणाऱ्याची खरी किंमत शंभरातून उणे पडते ती. एकीकडे ती ०.४६ आहे आणि दुसरीकडे २.७०, म्हणजे जवळजवळ सहापट! तासाला सहाशे डाव आणि डावाला सव्वा डॉलर धरला, तर तासाला ७५० डॉलर फिरतात. पहिल्या यंत्रावर त्यातले सरासरी साडेतीन डॉलर जातात आणि दुसऱ्यावर वीस. सहा-पाचचे कोष्टकही पाहावयास मिळते. तेथे साडेसदतीस जातात. पत्ते तेच, माणूस तोच, कौशल्यही तेच. फरक फक्त दोन आकड्यांचा.

येथवर प्रश्न यंत्र निवडण्याचा होता. त्यापुढची गंमत अशी की कोष्टक बदलले की खेळण्याची रीतही बदलते. एक उदाहरण घेऊ. हाती तीन एक्के आणि दोन राजे आले आहेत. हा तयार फुल हाउस, नऊ नाणी हमखास. आता राजे टाकून चौथ्या एक्क्यासाठी हात पसरावा काय? उरलेल्या ४७ पानांतून दोन पाने १,०८१ प्रकारे येऊ शकतात. त्यांतल्या ४६ प्रकारांत चौथा एक्का येतो, ६७ प्रकारांत पुन्हा फुल हाउस होतो आणि उरलेल्या ९६८ प्रकारांत तीन एक्केच राहतात. जॅक्स ऑर बेटरमध्ये चार एक्क्यांना पंचवीसच मिळतात. तेव्हा या सगळ्यांची सरासरी ४.३१ येते. हातचे नऊ सोडून सव्वाचारांमागे जाणे हा वेडेपणा. परंतु ‘डबल डबल बोनस’ नावाचे भावंड आहे. तेथेही फुल हाउसला नऊच आहेत. मात्र चार एक्क्यांना १६० मिळतात, आणि सोबत दुर्री, तिर्री किंवा चौकी असेल तर ४००. तोच हिशेब तेथे केला तर सरासरी १२.७२ निघते. तेथे नऊ नाणी धरून बसणे हीच चूक! तीच पाच पाने, परंतु एका पेटीवर जे शहाणपण, ते दुसरीवर अज्ञान.

‘ड्यूसेस वाइल्ड’ हा आणखी एक भाऊ. रमीतला जोकर आपल्या घरोघरी परिचयाचा आहे. या खेळात चारही दुर्ऱ्या जोकर असतात. जॅक्स ऑर बेटरमध्ये पहिली टाकावयाची ती दुर्री येथे कधीही टाकावयाची नाही. उलट तेथे सांभाळून ठेवलेल्या राजा-राणीला येथे जोडीचेही बक्षीस नाही, कारण तीन सारख्यांखाली कशालाच काही मिळत नाही. या खेळाचीही दोन कोष्टके शेजारी ठेवून पाहा. हाती दोन राजे, दोन राण्या आणि पाचवे भलतेच पान आहे. दोन्ही जोड्या ठेवल्या तर उरलेल्या ४७ पानांपैकी दोन राजे, दोन राण्या आणि चार दुर्ऱ्या अशा आठांनी फुल हाउस होतो. जेथे फुल हाउसला तीन नाणी आहेत तेथे या हाताची किंमत २४ भागिले ४७, म्हणजे सुमारे ०.५१. एकच जोडी ठेवून तीन पाने घेतली तर सुमारे ०.५६ मिळतात. म्हणून एक जोडी मोडावी. जेथे फुल हाउसला चार आहेत तेथे किंमत ३२ भागिले ४७, म्हणजे ०.६८ होते, आणि दोन्ही जोड्या ठेवाव्या लागतात. मोठ्या अक्षरातले नाव एकच, परंतु आतला खेळ वेगळा.

हा हिशेब कोणी केला? प्रत्येक हातात पाने ठेवण्याचे ३२ मार्ग, त्याला सव्वीस लाख डावांनी गुणावयाचे. कागदावर ते जन्मात संपले नसते. घरगुती संगणक आले आणि काही चिकित्सक माणसे या कामाला बसली. स्टॅनफर्ड वाँग या नावाने लिहिणाऱ्या लेखकाचे या विषयावरचे पुस्तक १९८८ साली निघाले. निवृत्त अभियंते लेनी फ्रोम यांनी कोणते पान ठेवावे याच्या याद्या सोप्या भाषेत छापल्या. काही कोष्टकांत तर चमत्कारच निघाला. ड्यूसेस वाइल्डच्या सर्वांत उदार कोष्टकावर बिनचूक खेळणाऱ्याला शंभरामागे १००.७६ परत मिळत होते! आणि तरीही मालक अशी यंत्रे ठेवीत, कारण बिनचूक खेळणारे थोडे आणि अंदाजाने पाने टाकणारे फार. पुढे जाणते वाढले तशी ही उदार कोष्टके मागे हटत गेली. आज ती क्वचितच दृष्टीस पडतात.

या विद्येची मर्यादाही सांगितली पाहिजे. तासाला वीस डॉलरांऐवजी साडेतीन गमावण्याची कला तिने शिकविली, उठावे केव्हा ते मात्र तिला शिकविता आले नाही. या यंत्रांपुढे सर्वांत अधिक बसतात ते प्रवासी नव्हेत, तर लास व्हेगासचे रहिवासी. नताशा डाउ श्यूल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी अशा माणसांत अनेक वर्षे वावरून २०१२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात यंत्रापुढे हरवून गेलेल्यांची वर्णने आहेत. कित्येकांना जिंकावयाचे नसते, केवळ खेळत राहावयाचे असते, असे त्या सांगतात. अशा माणसाच्या घरी कोष्टकातल्या नऊ-सहाचा दिलासा पोचत नाही. दक्षिण कॅरोलायना राज्याने तर १ जुलै २००० पासून ही यंत्रे बेकायदा ठरवून टाकली.

ऋतुपर्णाची विद्या मिळताच नळाच्या अंगातला कली गेला, असे आपली कथा सांगते. नेवाडाचा इतिहास त्या बाबतीत अधिक कठोर आहे. मोजणी आली म्हणजे फसवणूक कमी होते, ओढ मात्र सुटत नाही. तरी मोजणीचे मोल उणे नाही. ब्रुकलिनच्या पेटीत मालकाचा नफा जोडात लपलेला होता, नेवाडाच्या पेटीत तो दर्शनी भागावर छापलेला आहे. वाचणाऱ्याला तो दिसतो, न वाचणाऱ्याला दिसत नाही. सारख्या दिसणाऱ्या दोन वस्तूंतला फरक बहुधा वरच्या मोठ्या अक्षरांत नसतो, खालच्या बारीक आकड्यांत असतो. पाडव्याच्या संध्याकाळी घरात पत्त्यांचा डाव मांडताना मुलांना ही गोष्ट अवश्य सांगावी. बदाम सात असो की मेंढीकोट, आधी नियम पुरते वाचावे आणि मग पान टाकावे. पणाला मात्र शेंगदाणेच लावावेत!