दूधसागरच्या वाटेवरचं मीठ

थंडी सुरू झाली की आपल्या बचत गटांत सहलीची चर्चा सुरू होते. देवदर्शन झालं, समुद्र तर आपल्या दारातच आहे, मग कुणीतरी दूधसागरचं नाव काढतं. सिंधुदुर्गातून पहाटे निघालं की रात्री घरी परत येता येतं. या हंगामात आमच्या गटांतल्या बायकाही जाऊन आल्या. धबधबा कसा दिसतो, हे तुम्ही फोनवर पाहिलेलंच असेल. म्हणून आज त्या धबधब्यापर्यंत जाणारी वाट कशी झाली, तिचा इतिहास सांगणार आहोत.

दूधसागरला गेलात की वाटाड्या पहिल्यांदा राजकन्येची गोष्ट सांगतो. घाटमाथ्यावर एका राजाचा वाडा होता. त्याची मुलगी रोज तळ्यावर अंघोळीला जायची आणि अंघोळ झाली की सोन्याच्या घड्यातलं गोड दूध प्यायची. एके दिवशी झाडाआडून एक राजपुत्र आपल्याकडे बघतोय, असं तिच्या लक्षात आलं. तिनं घडा उपडा केला आणि दुधाचा पडदा करून स्वतःला झाकून घेतलं. तेच दूध अजून कड्यावरून वाहतंय, म्हणून हा दूधसागर.

गोष्ट छानच आहे. आमच्यातल्या एकीनं मात्र विचारलं, "एवढं दूध काढलं कुणी?" सगळ्या हसल्या, पण प्रश्न चुकीचा नव्हता. या जंगलात पिढ्यानपिढ्या म्हशी राखणारे धनगर-गवळी राहतात. दुधाची गोष्ट जिथे घडली म्हणतात, तिथे दूध काढणारी माणसं आजही आहेत, पण गोष्टीत ती नाहीत. या वाटेच्या इतिहासातही असंच पुन्हा पुन्हा दिसतं.

आता जागा समजून घेऊ. धबधबा गोवा आणि कर्नाटकच्या सीमेवर, सह्याद्रीच्या ऐन कड्यात आहे. उंची सुमारे ३१० मीटर, म्हणजे हजार फुटांहून जास्त. पाणी चार टप्प्यांत उतरतं. खालच्या डोहाजवळ उभं राहून वर पाहिलं की धबधब्याच्या मध्यावर एक दगडी कमानींचा पूल दिसतो. त्यावरून आगगाडी जाते. गाडी आली की सगळे फोन वर होतात. पण एवढ्या अवघड कड्यावर रेल्वे आणली कुणी, आणि कशासाठी? त्याचं उत्तर मिठात आहे.

रेल्वे येण्याआधी शेकडो वर्षं कोकण-गोव्याचा किनारा आणि देश यांच्यामध्ये घाटवाटांनी व्यापार चालायचा. वंजारी-लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून हे घाट चढत-उतरत. वरून धान्य यायचं आणि खालून मीठ जायचं. अनमोड घाटाच्या पायथ्याला तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ आहे. कदंबांच्या काळातलं, काळ्या दगडाचं, नक्षीकाम अजून शाबूत असलेलं. दूधसागरच्या सहलीत बहुतेक जण तिथेही जातात. आज ते देऊळ जंगलात एकटं वाटतं, पण त्या काळी घाटाच्या पायथ्याचा हा भाग आडबाजूचा नव्हता.

गोव्यात मिठागरं पुष्कळ होती आणि मीठ स्वस्त होतं. इकडे इंग्रजांच्या मुलखात मिठावर जबर कर होता. त्यामुळे गोव्याचं स्वस्त मीठ घाटांनी चोरून वर जायचं आणि इंग्रजांचा महसूल बुडायचा. तो थांबवण्यासाठी १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांनी १२ वर्षांचा एक करार केला. इंग्रज हद्द आणि गोवा यांच्यातली जकात उठवली. मुरगावचं बंदर आणि तिथून घाटावर जाणारी रेल्वे यांचा मार्ग मोकळा झाला. बदल्यात गोव्यातल्या मिठावरचा आणि दारूवरचा ताबा इंग्रजांकडे गेला. पोर्तुगीज सरकारला त्यासाठी वर्षाला चार लाख रुपये मिळायचे.

कागदावर दोन्ही सरकारांचा फायदा होता. मिठागरावर राबणाऱ्या कुटुंबाला मात्र स्वतःच्या आगरात किती मीठ पिकवायचं आणि कुणाला विकायचं, हे परक्या अधिकाऱ्याला विचारावं लागू लागलं. माडावर चढून माडी काढणाऱ्या रेंदेरावर कराचा बोजा आला. मीठ महागलं, आणि तेही मीठ जिथे पिकतं त्या गावांतच. मासे खारवायला, कैऱ्या-आंबाडे मुरवायला, पेज जेवायला मीठ लागतंच. ते महाग झालं की पहिला चटका चुलीपाशी बसतो. करार लोकांना नकोसा झाला आणि १८९२ साली मुदत संपल्यावर पुढे चालू ठेवला गेला नाही. मिठाचा हा जाच आपल्या जिल्ह्याला नवा नाही. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला तो याच करापायी.

करार गेला, पण रेल्वे राहिली. १८८१ साली लंडनमध्ये वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे नावाची कंपनी उभी राहिली होती. पैसा गुंतवणाऱ्यांना ठरलेलं व्याज मिळेल, अशी हमी पोर्तुगीज सरकारनं दिली होती. हे आपल्याला लगेच कळेल, कारण गटात जामीन राहण्याचा अर्थ आपल्याला माहीत आहे. कर्ज दुसऱ्याचं असलं तरी हप्ता थकला की जामीनदाराच्या दारात येतात. या रेल्वेला सुरुवातीची अनेक वर्षं पुरेसं उत्पन्न मिळालं नाही आणि व्याजाची तूट सरकारी तिजोरीतून भरावी लागली. तिजोरी भरायची ती गोव्याच्या लोकांनी.

१८८८ सालापर्यंत मुरगाव ते कॅसलरॉक हा सुमारे ८२ किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. त्यातला कुळे ते कॅसलरॉक हा २६ किलोमीटरचा घाट सगळ्यांत कठीण. साधारण ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर चढायचं, असा चढ. अजूनही इथे जड मालगाडीला जास्तीची इंजिनं लावावी लागतात. एकामागून एक बोगदे आणि त्यांच्यामध्ये खोल दऱ्यांवरचे पूल. वर्षाचे चार महिने कोसळणारा पाऊस, हिवताप, साप, सुरुंगाचे स्फोट. त्या काळी भारतभर रेल्वेच्या कामांवर पुरुष खणायचे आणि बायका डोक्यावरच्या टोपलीतून माती-खडी वाहायच्या. पाठीला मूल बांधून काम करणाऱ्याही असत. घाटाला नाव मिळालं ब्रागांझा, पोर्तुगालच्या राजघराण्याचं. वरच्या स्टेशनाला कॅसलरॉक हे इंग्रजी नाव. ज्यांनी बोगदे खणले, त्यांच्यातल्या कुणाचं नाव एकाही स्टेशनाला नाही.

याच रेल्वेनं गोव्याची माणसं बाहेर नेली. मुंबईला नोकरीसाठी जाणं तिच्यामुळे सोपं झालं. कुणी खलाशी झालं, कुणी स्वयंपाकी, कुणी आया. आपल्या गावांतून गिरणीत गेलेल्या चाकरमान्यांच्या घरी जे झालं, तेच गोव्यातही झालं. मनिऑर्डरची वाट बघत शेत, गुरं आणि म्हातारी माणसं मागे राहिलेल्या बायकांनीच सांभाळली.

१९४७ ला आपण स्वतंत्र झालो, पण गोवा पोर्तुगिजांकडेच राहिला. १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून आलेले हजारो सत्याग्रही ठिकठिकाणची सीमा ओलांडून गोव्यात शिरले. हातात शस्त्र नव्हतं. पोर्तुगिजांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक जण मारले गेले. आपली गाडी बांद्याहून पुढे पत्रादेवीला गोव्याच्या हद्दीत शिरते, तिथेही गोळ्या झाडल्या गेल्या. मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय तिरंगा घेऊन पुढे होत्या, त्यांना गोळ्या लागल्या. पंजाबचे कर्नेलसिंग तिथेच शहीद झाले. सहोद्राबाई वाचल्या आणि पुढे खासदार झाल्या. सहलीला जाताना पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापाशी पाच मिनिटं थांबायला हरकत नाही. त्याच वर्षी भारतातून गोव्यात जाणारी रेल्वे बंद झाली. १९६१ च्या डिसेंबरमध्ये गोवा मुक्त झाला, त्यानंतर या घाटातून गाड्या पुन्हा धावू लागल्या.

मग हे ठिकाण सहलीचं कसं झालं? मुक्तीनंतर मोलेचं जंगल अभयारण्य झालं. आज भगवान महावीर अभयारण्य म्हणतात ते हेच, सुमारे २४० चौरस किलोमीटरचं. त्यातल्या १०७ चौरस किलोमीटरला १९७८ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. नव्वदच्या दशकात मीटरगेजचे रूळ जाऊन रुंद रूळ आले. २०१३ साली 'चेन्नई एक्सप्रेस' या सिनेमात धबधब्याजवळ थांबलेली गाडी देशानं पाहिली आणि गर्दी वाढली. लोक रुळांवरून, बोगद्यांतून चालत धबधबा गाठू लागले. अपघात होऊ लागले, तशी रेल्वेनं बंदी घातली. २०२३ च्या जुलैमध्ये तर रुळांवरून आलेल्या पोरांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, ती बातमी तुम्ही पाहिली असेल.

आता सरळ आणि कायदेशीर वाट म्हणजे कुळे गावातून जीपनं. पावसाळ्यात जीप बंद असतात, साधारण ऑक्टोबरपासून सुरू होतात. एका जीपमध्ये सात जणी. दहा-बारा किलोमीटरचा कच्चा रस्ता, मध्ये नदीचं पात्र ओलांडावं लागतं. पुढे दगडांतून थोडं चालायचं, म्हणून घसरणाऱ्या चपला नकोत. लाइफ जॅकेट सक्तीचं. माकडं पिशवी ओढतात, तेव्हा डबा बाहेर काढू नका.

या जीपवर कुळे आणि आसपासच्या कितीतरी घरांची चूल चालते. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि खनिज वाहणारे ट्रक उभे राहिले, तेव्हापासून तर या कमाईची किंमत आणखी वाढली. हंगाम जेमतेम सात-आठ महिन्यांचा. एक पाऊस लांबला की जीपचे हप्ते थकतात. म्हणून घासाघीस करताना याचाही विचार करावा, असं आम्हाला वाटतं.

याच घाटात दुसरा रूळ टाकायचा प्रस्ताव होता. मुरगाव बंदरात परदेशी कोळसा उतरतो आणि याच मार्गानं कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. दुसरा रूळ म्हणजे जंगलाची आणखी तोड. २०२० साली गोव्यात याविरुद्ध मोठं आंदोलन झालं. चांदर गावात रात्रभर लोक रुळांपाशी बसले, त्यांत बायका पुष्कळ होत्या. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कुळे ते कॅसलरॉक दुहेरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. बैल आले मिठासाठी, रेल्वे आली बंदराच्या व्यापारासाठी, आता कोळसा. वाट दर वेळी कुणाच्या तरी मालासाठी झाली आणि तिचा खर्च दर वेळी वाटेवरच्या लोकांकडून वसूल झाला. या वेळी मात्र लोकांनी खर्च आधी विचारला आणि त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं. या वाटेच्या इतिहासात हे नवीन आहे.

आणखी एक गोष्ट. आपण ज्या डोहात पाय बुडवतो, ते पाणी दूधसागर नदीनं खांडेपार नदीत जातं. खांडेपारवर ओपा इथे पाणी शुद्ध करण्याचा मोठा प्रकल्प आहे. तिथून फोंडा आणि पणजीकडच्या घरांना नळाचं पाणी मिळतं. म्हणजे आपण धबधब्यात शाम्पूची पुडी सोडली तर ती कुणाच्या तरी पिण्याच्या पाण्यात सोडली. कचरा परत आणायला प्रत्येक जीपमागे एक रिकामी पिशवी ठेवलीत तरी पुरे.

तर मैत्रिणींनो, सहलीला नक्की जा. राजकन्येची गोष्ट मुलांना सांगा, पण मिठाची आणि टोपल्या वाहणाऱ्या बायकांचीही सांगा. जीपवाल्याला त्याच्या गावाबद्दल विचारा. आणि तुमच्या गावातल्या जुन्या घाटवाटेनं पूर्वी काय यायचं, काय जायचं, हे घरातल्या आजीला विचारून आम्हाला कळवा. पुढच्या भागात त्यातलीच एखादी वाट घेऊ.