रक्तातील प्राणवायूचे प्रकाशमापन : एका प्रश्नाचा इतिहास

त्वचेला छेद न देता, केवळ प्रकाशाच्या साहाय्याने रक्तातील प्राणवायू मोजण्याच्या प्रयत्नांचा इतिहास सामान्यतः यंत्रांच्या नामावलीच्या रूपाने सांगितला जातो. वस्तुतः तो एकाच प्रश्नाचा इतिहास होय : शरीरातून पार होणाऱ्या प्रकाशात रक्ताचा वाटा कोणता आणि त्वचा, मांस व अस्थी यांचा कोणता, हे वेगळे कसे काढावयाचे?

रसायनशास्त्राने आपले काम लवकर केले. १८६२ मध्ये होपे-झायलर याने रक्ताचा शोषण-वर्णपट वर्णिला. १८६४ मध्ये स्टोक्स याने प्राणवायू जाताच रक्ताचा वर्णपट पालटतो व तो मिळताच पूर्ववत होतो, असे दाखविले. परंतु परीक्षानळीतील रक्त निराळे आणि देहातील निराळे. १९३५ मध्ये माथेस याने कानाच्या पाळीसाठी दोन तरंगलांबींचे यंत्र रचले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मिलिकन याने वैमानिकांसाठी हलके यंत्र सिद्ध करून त्यास ‘ऑक्सिमीटर’ हे नाव दिले. तथापि रक्ताचा अंश निवडून काढणे कठीणच राहिले.

उत्तर मिळाले ते एका व्यत्ययातून. जपानमधील निहोन कोहडेन येथे ताकुओ आओयागी कानातून जाणाऱ्या प्रकाशावरून हृदयाचे रक्तक्षेपण मोजू पाहत असता नाडीच्या ठोक्यांनी नोंद बिघडत असे. हा दोष दूर करताना त्यांच्या ध्यानी आले की, ठोक्याबरोबर बदलणारा अंश धमनीतील रक्ताचा, तर स्थिर अंश इतर सर्वांचा होय. १९७४ मध्ये त्यांनी हे तत्त्व मांडले.

मात्र ही पद्धती धमनीपुरतीच होती. प्रत्यक्ष ऊतींची स्थिती तीवरून कळत नसे. १९७७ मध्ये ड्यूक विद्यापीठातील जॉब्सिस याने निकट-अवरक्त प्रकाश अखंड कवटीतून मेंदूपर्यंत पोहोचतो, असे दाखविले. तेथे प्रकाश विखुरतो. त्याने किती वाट आक्रमिली हे सहज ठरत नाही. जुनाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला.

आओयागींच्या तत्त्वानेही त्वचा हिशेबातून पुरती वजा झाली नव्हती. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, यंत्राने ९२ ते ९६ टक्के संपृक्तता दाखविली असता धमनीतील खरी संपृक्तता ८८ टक्क्यांहून कमी असल्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के, तर श्वेतवर्णीयांत ३.६ टक्के आढळले. यंत्रातील अंक निरोगी स्वयंसेवकांवरील प्रयोगांतून निश्चित केले जातात. ते स्वयंसेवक कोणत्या वर्णाचे निवडले, हा प्रश्न म्हणूनच केवळ तपशिलाचा राहत नाही. त्याच्या उत्तरावर, श्वास कोंडलेल्या रुग्णास प्राणवायू वेळेवर मिळतो की नाही, हे अवलंबून असते.