बर्मी अजगर : पाळीव पिल्लाची वाढ व हाताळणी

बर्मी अजगर (पायथन बायव्हिटॅटस). ईशान्य भारतापासून म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम व दक्षिण चीनपर्यंत आढळणारा मोठा बिनविषारी साप. पूर्वी तो भारतीय अजगराची उपजाती मानला जाई. २००९ मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत आणि युरोपात साप पाळणाऱ्यांनी त्याला उचलून धरले, कारण स्वभाव बराचसा शांत, अंगावरची नक्षी देखणी आणि पिल्लू स्वस्त. १९९६ ते २००६ या काळात एकट्या अमेरिकेत सुमारे ९९,००० बर्मी अजगर आयात झाले.

अंड्यातून निघालेले पिल्लू जेमतेम अर्धा मीटर भरते. पोटभर खायला मिळाले तर वर्षभरात ते दोन मीटरच्या आसपास जाते. नर साधारण तीन मीटरपर्यंत थांबतो. मादी चार-पाच मीटरपर्यंत वाढते. आयुष्य वीस वर्षांहून अधिक. पिल्लू विकत घेणाऱ्याला हे आकडे बहुधा ठाऊक असतात, फक्त मनगटाला वेटोळे घालून बसलेल्या त्या इवल्या जिवाकडे पाहून ते पटत नाहीत.

निवारा व आहार. पिंजऱ्याची एक बाजू सुमारे ३१ ते ३२ अंश सेल्सिअस उबदार आणि दुसरी त्याहून थंड ठेवतात, म्हणजे सापाला हवी ती जागा निवडता येते. अंग बुडेल एवढे पाण्याचे भांडे, लपायला आडोसा आणि पुरेसा दमटपणा हवा. हवा कोरडी असली की कात तुकड्यातुकड्यांनी निघते. पूर्ण वाढलेल्या मादीला लहानशी खोलीच द्यावी लागते. भक्ष्य सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाइतके असावे. पिल्लाला आठवड्यातून एकदा उंदीर पुरतो, तर प्रौढाला काही आठवड्यांतून एकदा ससा. जिवंत उंदीर चावून सापाला जखमी करतो, म्हणून गोठवलेला व नंतर कोमट केलेला देतात. लवकर मोठा करण्याच्या हौसेपोटी भरमसाट खाऊ घालणारेही आहेत. त्यातून लठ्ठ, दुखणाईत साप तयार होतो.

हाताळणी. अजगर कुत्र्यासारखा माणसाळत नाही. माणसाच्या हाताला घाबरायचे कारण नाही, एवढेच तो शिकतो, आणि हे शिक्षण लहानपणीच द्यावे लागते. नवे पिल्लू फूत्कारते, चावते. ते नियमित खाऊ लागेपर्यंत त्याला हात लावत नाहीत. पुढे थोडा थोडा वेळ, अंगाला दोन ठिकाणी खालून आधार देऊन उचलतात. वरून झडप घातल्यासारखा हात नेऊ नये, कारण शिकारी पक्षी तसाच येतो.

अपघातामागे रागापेक्षा भूक अधिक असते. अजगराच्या ओठांवरच्या खाचांना उष्णता जाणवते. उंदराचा वास लागलेला ऊबदार हात त्याच्या लेखी खाऊच. म्हणून जाणकार पिंजरा उघडल्यावर आधी लोखंडी आकड्याने सापाच्या अंगाला हलकेच स्पर्श करतात. आकडा लागला की आज जेवण नाही, ही खूण साप लवकर ओळखू लागतो. खाल्ल्यानंतर निदान दोन दिवस त्याला हलवत नाहीत, नाहीतर तो भक्ष्य ओकून टाकतो. या काळात त्याच्या शरीरात मोठी उलथापालथ चालू असते. हृदयाचा स्नायू दोन-तीन दिवसांत ४० टक्क्यांपर्यंत वाढल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. कात टाकण्यापूर्वी डोळ्यांवर निळसर साय येते. तेव्हा त्याला नीट दिसत नाही व तो बिथरतो, म्हणून तेव्हाही दूरच राहावे.

अडीच मीटरपुढचा साप एकट्याने हाताळायचा नाही, हा नियम अनुभवी पाळणारेही पाळतात, आणि न पाळणाऱ्यांपैकी काहींचे जीव गेले आहेत. तो गळ्यात मिरवणे हा तर शुद्ध मूर्खपणा. विळखा पडलाच तर दुसऱ्या माणसाने शेपटीकडून तो सोडवत यावे. चावलेला हात ओढू नये, कारण दात आत वळलेले असतात आणि जखम फाटते. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण सरीसृपांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

नकोसे झालेले अजगर. फ्लॉरिडात पाळणाऱ्यांनी सोडून दिलेले आणि बंदिवासातून सुटलेले अजगर एव्हरग्लेड्सच्या दलदलीत वाढले. तेथे त्यांची प्रजा होत असल्याचे २००० मध्ये मान्य झाले. पुढच्या दशकात अजगर फार काळ वसलेल्या दक्षिण भागात रस्त्यांवरील पाहणीत रॅकून ९९ टक्क्यांनी कमी दिसले. २०१२ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने बर्मी अजगराच्या आयातीवर बंदी घातली. मूळ प्रदेशात मात्र कातडे, मांस आणि अधिवासनाश यांमुळे तो घटत चालला आहे.

भारतात अजगरांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण असून ते पकडणे वा घरी पाळणे गुन्हा आहे. शिक्षा तीन ते सात वर्षे कारावास व दंड. महाराष्ट्रात शेतात किंवा विहिरीत अजगर दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.