माळेगांवची यात्रा आणि पालांतील कलावंत

नांदेडहून लातूरकडे जाणारा रस्ता लोह्याच्या पुढें माळेगांवाजवळून जातो. एरवीं तें गांव लहानसेंच. परंतु मार्गशीर्षाच्या अखेरीस, अमावास्येच्या सुमारास, तेथें खंडोबाची यात्रा भरते आणि त्या माळाचें रूप पालटतें. गाढवें, घोडे व उंट यांचा बाजार लागतो. कुस्त्यांचा फड रंगतो. तमाशाच्या राहुट्या उभ्या राहतात. आणि या सर्वांच्या कडेनें पालें पडतात. वैदू, गोपाळ, घिसाडी, मसणजोगी, वासुदेव, वाघ्या-मुरळ्या, ज्यांचें बिऱ्हाड पाठीवर असे नाना लोक या माळावर एकत्र येत आले आहेत. येथें वर्षभर पांगलेल्या आप्तांची गांठ पडे, सोयरिकी जुळत, जातपंचायती बसून तंटे तुटत. इतरांस माळेगांव ही यात्रा; या लोकांस तें वर्षांतून थोडे दिवस वसणारें स्वतःचें गांव होतें.

या गांवांत कला उदंड आणि घरें मात्र नाहींत. बेघर कलावंतांस समाजानें हात द्यावा, हा विचार अलीकडे सर्वत्र बोलला जातो. लंडन शहरांत १९९१ सालीं ‘कार्डबोर्ड सिटिझन्स’ या नांवाची नाटकमंडळी निघाली व तिनें रस्त्यावर दिवस काढलेल्या माणसांस रंगभूमीवर आणलें. परंतु तेथें व येथें एक मोठा भेद आहे. तेथें घर सुटलेल्या मनुष्यास कलेचा आधार देण्यांत येतो; आमच्याकडे कलाच पिढ्यान्‌पिढ्या घराबाहेर वाढली. त्यामुळें आमचा प्रश्न तेथील उपायांनीं सर्वस्वीं सुटण्याजोगा नाहीं. तो समजण्यास थोडें मागें जावें लागेल.

बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें ‘मानसोल्लास’ रचविला. ती कल्याणी, म्हणजे आजचें बसवकल्याण, लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नाहीं. त्या ग्रंथांत गोंडली नांवाचें एक नृत्य वर्णिलें असून त्याचा संबंध आपल्या गोंधळाशीं जोडण्यांत येतो. पुढील शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास राहिलेल्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकरां’त कोल्हाटिकाचें लक्षण सांगितलें, दोरीवरून चालण्यांत व शस्त्रांचे खेळ करण्यांत जो निपुण तो कोल्हाटिक. आज चौकांत ढोलकीच्या तालावर दोरीवर चढणाऱ्या पोरीकडे आपण ओझरतें पाहून पुढें जातों. तिच्या विद्येस सातशें वर्षांहून जुना शास्त्राधार आहे, हें त्या वेळीं कोणाच्या ध्यानींमनींहि नसतें.

राजदरबार गेले, तरी गांवगाडा राहिला. अलुत्यांच्या यादींत गोंधळी, घडशी व डवऱ्या गोसावी यांचीं नांवें आढळतात. याचा अर्थ इतकाच कीं खळ्यावरील धान्यांत त्यांचा वांटा होता. तो वांटा तुटपुंजा असेल, त्यास जातीच्या उच्चनीचतेचा डाग होता हेंहि खरें, आणि त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची आमची मुळींच इच्छा नाहीं. पुष्कळ भटक्या जाति तर त्या यादीच्याहि बाहेरच राहिल्या. परंतु ज्यास वांटा होता त्याच्या झोळींत पडलेलें धान्य भीक नव्हतें. तो हक्क होता. त्यास घर नव्हतें, पण गांवावर दावा होता.

हा दावा कायद्याच्या राज्यांत बुडाला. १८७१ सालीं ब्रिटिश सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला व १९११ च्या कायद्यानें त्याचा विस्तार केला. ज्याचें पाऊल एका जागीं ठरत नाहीं त्याचा हेतु वाईटच असला पाहिजे, हें त्या कायद्याचें गृहीत होतें. नांदेड व लातूर हे मुलूख तेव्हां निजामाच्या राज्यांत; पण भटक्यांची वाट राज्याच्या हद्दी मानीत नव्हती. शेजारच्या सोलापुरास तारेच्या कुंपणांतली वसाहत उभी राहिली व ‘सेटलमेंट’ हा शब्द मराठींत रुळला. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं मराठवाडा मुक्त झाला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. ते लोक विमुक्त म्हणविले जाऊं लागले.

परंतु कुंपण गेलें तरी संशय गेला नाहीं. १९५९ सालचा मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम पाहावा. त्यांत भीक मागण्याची व्याख्या करतांना गाणें, नाचणें, भविष्य सांगणें किंवा खेळ करून दाखविणें यांच्या निमित्तानें सार्वजनिक जागीं मिळविलेली भिक्षाहि त्या व्याख्येंत घातली आहे. २०१८ सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें या कायद्यांतील पुष्कळ कलमें घटनाविरोधी ठरविलीं, पण तो निर्णय दिल्लीपुरता होता. म्हणजे शार्ङ्गदेवानें ज्यास शास्त्रांत स्थान दिलें, त्यास कायद्यानें भिकाऱ्यांच्या रांगेंत बसविलें.

दुसऱ्या बाजूस त्याच सरकारनें कलेचा गौरवहि केला, हें न सांगणें अन्यायाचें होईल. वृद्ध साहित्यिक व कलावंत यांस मानधन देण्याची योजना १९५४-५५ सालापासून चालत आलेली आहे. राष्ट्रीय, राज्य व स्थानिक अशा तीन श्रेणींची जुनी वर्गवारी मोडून २०२४ सालीं सरसकट दरमहा ५,००० रुपये ठरविण्यांत आले. तमाशाच्या फडावर उभा जन्म काढलेल्या विठाबाई नारायणगांवकर यांस राष्ट्रपतींच्या हस्तें मान मिळाला, आणि तरीहि त्यांचे अखेरचे दिवस ओढगस्तींत गेले. त्या २००२ सालीं वारल्या. त्यांच्या नांवें राज्याचा जीवनगौरव पुरस्कार त्यानंतर सुरू झाला. माळेगांवच्या यात्रेंतहि नांदेडची जिल्हा परिषद लावणी महोत्सव व लोककला महोत्सव भरविते. एका स्थानिक संस्थेनें आपल्या पैशानें लोककलावंतास मंच द्यावा, ही गोष्ट लहान नव्हे. ज्या वाद्याकडे रस्त्यावर कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं, तेंच वाद्य तेथें हजारों लोक कान देऊन ऐकतात.

मग उणें कशाचें? आमच्या मतें उणें आहे तें पत्त्याचें. मानधनाच्या अर्जास रहिवासाचा व उत्पन्नाचा दाखला लागतो. आणि पालास घरक्रमांक नसतो. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगानें २००८ सालीं अहवाल दिला, त्यांतहि कायम ठिकाण नसल्यामुळें या लोकांची होणारी नाडणूक मांडली आहे. पालांत राहणाऱ्यांस जमीन व घरकुल देण्याकरितां २०११ सालीं यशवंतराव चव्हाणांच्या नांवानें मुक्त वसाहत योजना निघाली. दर कुटुंबास पांच गुंठे जागा, ही तिची कल्पना. कल्पना उत्तमच. परंतु मंच देणारें खातें निराळें, मानधनाचें निराळें, जमिनीचें निराळें. आणि या सर्वांच्या दारीं फिरणारा मनुष्य एकच.

आपलें गाऱ्हाणें हा मनुष्य स्वतः मांडूं शकत नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. लातूर जिल्ह्यांतील धनेगांवचे लक्ष्मण गायकवाड यांनीं १९८७ सालीं ‘उचल्या’ हें आत्मकथन लिहिलें, व पुढील वर्षीं त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या जमातीचें नांवच गुन्ह्याच्या दप्तरांत नोंदलेलें, तिच्यांतील एकानें लेखणी हातीं घेतांच मराठी वाचकास आपली ओळख नव्यानें करून घ्यावी लागली.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. गोंधळी, डोंबारी, वासुदेव यांस आपण दया दाखवीत नाहीं, जुनें देणें फेडीत आहों, ही जाणीव प्रथम झाली पाहिजे. यात्रेंतला मंच हा त्या देण्याचा एक हप्ता. पण ज्या नोंदवहींत महोत्सवाकरितां कलावंताचें नांव लिहिलें जातें, तीच नोंद त्यास मानधनाच्या व घराच्या अर्जास पुरावा म्हणून कां चालूं नये? आणि गाण्यास भीक म्हणणारा शब्द कायद्यांतून कां जाऊं नये? हें झाल्यावर ज्यास फिरावयाचें तो खुशाल फिरो. पण त्याचें फिरणें त्याच्या इच्छेचें असावें. अमावास्या सरली कीं माळेगांवचा माळ रिकामा होतो, पालें उठतात, गाढवांवर सामान चढतें. त्या ओझ्यांत घराची किल्लीहि असावी, इतकेंच आमचें मागणें आहे.