इथे बांधायचे, तिथे चालवायचे : क्रॉस कंपायलरची कुळकथा

२६ ऑगस्ट २०२५ रोजी विशाखापट्टणमला दोन युद्धनौका एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या. ‘उदयगिरी’ मुंबईच्या माझगाव डॉकने बांधलेली, तर ‘हिमगिरी’ कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीने. या दोन्ही गोद्या सरकारने १९६० साली ताब्यात घेतल्या आणि स्वतंत्र भारतात बांधलेली पहिली युद्धनौका ‘अजय’ १९६१ मध्ये गार्डन रीचनेच नौदलाला दिली. त्या काळी जहाज म्हणजे पोलाद, इंजिन आणि तोफा. आजच्या जहाजात त्यांच्या जोडीला लहान लहान संगणकांचे जाळे असते. पंप, झडपा, विजेचे वाटप, रडार, दळणवळण, प्रत्येकामागे एखादी चिप आणि त्या चिपमध्ये एक प्रोग्रॅम.

तो प्रोग्रॅम त्या चिपवर तयार होत नाही. अशा चिपला बहुधा ना पडदा असतो ना कीबोर्ड, आणि तिची मेमरी अनेकदा काही किलोबाइटांतच संपते. कंपायलर तिच्यावर मावणारच नाही. गार्डन रीचला जहाज बांधतात जमिनीवर आणि ते चालते पाण्यात; तसाच हा प्रोग्रॅम टेबलावरच्या मोठ्या संगणकावर बांधतात आणि तो चालतो निराळ्याच जातीच्या चिपवर. हे काम करणारा तो क्रॉस कंपायलर. त्याच्याबरोबर असेंब्लर, लिंकर आणि सी लायब्ररी आली की झाली टूलचेन.

बहुतेक इंजिनिअर ती आयती उतरवून घेतात, आणि रोजच्या कामाला तेवढे पुरते. पण ती आयती टूलचेनही कुणीतरी सोर्समधून बांधलेली असते, आणि बांधताना त्याच्या हाताशी आधीची टूलचेन असते. तिच्या आधी आणखी एक. जगात आज चालणारा जवळजवळ प्रत्येक कंपायलर अशा कुळातला आहे, आणि कंपायलरने कंपायलर घडवण्याच्या या पद्धतीची सुरुवातही नौदलापाशी येऊन पोचते.

१९५८ साली अमेरिकी नौदलाच्या सॅन दिएगो येथील इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत हॅरी हस्की आणि मॉरिस हॉलस्टेड यांनी ‘नेलिॲक’ ही भाषा आणि तिचा कंपायलर घडवला. नौदलासाठी तयार होत असलेल्या संगणकाच्या एका आद्य नमुन्यावर तो प्रथम चालला. भाषेचा एक छोटा गाभा आधी उभा केला, मग त्याच गाभ्यात लिहिलेला मोठा कंपायलर त्या छोट्याकडून तयार करून घेतला. स्वतःच स्वतःला घडवणारा हा पहिला कंपायलर मानला जातो. आपल्याच भाषेत लिहिलेला कंपायलर दुसऱ्या यंत्राचा कोड काढायला शिकला, की नव्या यंत्रावर पाय ठेवायला तिथे आधी काहीच असावे लागत नाही. क्रॉस कंपायलरचे मर्म एवढेच आहे.

याचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण युनिक्स. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांच्या वाट्याला एक फारसा वापरात नसलेला पीडीपी-७ संगणक आला. त्यावर कामाची साधने नव्हती. म्हणून थॉम्पसन प्रोग्रॅम लिहीत ते जनरल इलेक्ट्रिकच्या मोठ्या जीई-६३५ यंत्रावर. तिथला क्रॉस असेंब्लर पीडीपी-७ ला कळेल असा कोड काढी, तो छिद्रांच्या कागदी फितीवर उतरे आणि ती फीत हातात घेऊन पीडीपी-७ पर्यंत नेली जाई. कर्नल, एडिटर, असेंब्लर, साधे शेल आणि फाइल पुसण्याची, दाखवण्याची, नकलण्याची साधने तयार होईपर्यंत या फिती अशाच ये-जा करत राहिल्या. त्यानंतर फितींची गरज उरली नाही. जगभरच्या सर्व्हरवर आणि खिशातल्या फोनवर ज्या प्रणालीचा वारसा चालतो, तिचे पहिले श्वास असे परक्या यंत्रावर घेतलेले आहेत.

मायक्रोप्रोसेसर आल्यावर ही पद्धत नाइलाजाची राहिली नाही, ती रीतच झाली. १९७३ मध्ये गॅरी किल्डॉल यांनी इंटेलच्या ८००८ या इवल्या प्रोसेसरसाठी पीएल/एम ही भाषा घडवली. तिचा कंपायलर फोर्ट्रानमध्ये लिहिलेला होता आणि चालायचा मोठ्या संगणकावर. पुढच्याच वर्षी किल्डॉल यांनी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली, तीही याच भाषेत.

मात्र या सगळ्या साधनांना मालक होते. ते चित्र पालटले रिचर्ड स्टॉलमन यांनी. १९८४ मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प हाती घेतला. कंपायलरसाठी आधी लिव्हरमोर प्रयोगशाळेतला ‘पेस्टल’ वापरून पाहिला. तो पुष्कळ मेगाबाइटांचा स्टॅक मागे, आणि हाताशी असलेले ६८००० प्रोसेसरवरचे युनिक्स ६४ किलोबाइटच देई. मग स्टॉलमन यांनी नवाच कंपायलर लिहिला आणि १९८७ मध्ये जीसीसी लोकांच्या हाती आला. त्यात एक दूरदृष्टीची गोष्ट होती. प्रत्येक प्रोसेसरचे वर्णन कंपायलरच्या पोटात विखुरलेले नव्हते. ते ‘मशीन डिस्क्रिप्शन’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहायचे होते. कोणती सूचना उपलब्ध आहे, तिला कसले रजिस्टर चालते, एवढे त्या फाइलमध्ये मांडले की उरलेला कंपायलर तसाच राहतो. नवी चिप आली म्हणजे नवा कंपायलर लिहायला नको, नवे वर्णन लिहायचे.

१९८९ मध्ये जॉन गिलमोर, मायकेल टीमन आणि डेव्हिड हेन्केल-वॉलेस यांनी सिग्नस ही कंपनी काढली. मुक्त सॉफ्टवेअर विकून पैसा मिळेल का, असे लोक विचारत होते. उत्तर क्रॉस कंपायलरने दिले. चिप बनवणाऱ्या कंपन्यांना आपल्या चिपसाठी जीसीसी हवा होता आणि ते काम करून देणारी माणसे सिग्नसमध्ये होती. ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या यंत्रांसाठीची न्यूलिब ही सी लायब्ररी याच कंपनीच्या हातची. कंपायलर ज्यावर बांधला जातो ते ‘बिल्ड’, ज्यावर तो चालणार ते ‘होस्ट’ आणि ज्यासाठी कोड काढणार ते ‘टार्गेट’, अशी तीन नावे या कामात रूढ आहेत. तिन्ही यंत्रे वेगळी असतील तर त्या बांधणीला ‘कॅनेडियन क्रॉस’ म्हणतात, कारण हे नाव पडले तेव्हा कॅनडात राष्ट्रीय पातळीवरचे पक्ष तीन होते.

आता प्रत्यक्ष बांधणी. लिनक्स चालवणाऱ्या एखाद्या आर्म बोर्डसाठी टूलचेन बांधायची आहे असे धरू. पहिले पाऊल बिनयुटिल्सचे. यातून आर्मचा असेंब्लर आणि लिंकर मिळतो. हे पाऊल सोपे, कारण त्याला होस्टवरचा साधा कंपायलर पुरतो.

खरी अडचण त्यानंतर येते. पुरा जीसीसी बांधायचा तर टार्गेटची सी लायब्ररी आधी हवी. ती लायब्ररी आर्मच्या कोडमध्ये उतरवायची तर आधी आर्मचा जीसीसी हवा. दोघेही एकमेकांसाठी अडून बसलेले. यावरची तोड अशी, की जीसीसी दोनदा बांधायचा. पहिल्या खेपेला अपुरा कंपायलर काढायचा: फक्त सी भाषा, लायब्ररीचे हेडर नाहीत, थ्रेड नाहीत, शेअर्ड लायब्ररी नाही. तो एवढा तुटपुंजा असतो की त्याच्याकडून साधा ‘नमस्कार’ छापणारा प्रोग्रॅमही पुरा होत नाही, पण सी लायब्ररी बांधायला तो पुरतो. मग लिनक्स कर्नलचे हेडर जागेवर ठेवून ग्लिबसी किंवा मसल ही सी लायब्ररी बांधायची. लायब्ररी तयार झाली की दुसऱ्या खेपेला पुरा जीसीसी, सी प्लस प्लस आणि थ्रेडसकट. पहिल्या खेपेच्या कंपायलरचे काम तिथे संपते. ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या चिपसाठी रस्ता थोडा आखूड आहे: कर्नलचे हेडर लागत नाहीत आणि ग्लिबसीच्या जागी न्यूलिब येते.

चुका कुठे होतात तेही ठरलेले आहे. नवा असेंब्लर पाथमध्ये सापडला नाही, तर जीसीसी मुकाट्याने होस्टचाच असेंब्लर उचलतो आणि तो आर्मच्या सूचना बघून ‘अशी सूचनाच नाही’ असे ओळीमागून ओळी ओरडत सुटतो. दशांश गणिताची पद्धत चुकली, म्हणजे बोर्डावरची प्रणाली सॉफ्ट फ्लोटची आणि टूलचेन हार्ड फ्लोटची निघाली, तर त्याहून बुचकळ्यात पाडणारी गोष्ट घडते. प्रोग्रॅमची फाइल बोर्डावर समोर दिसत असते, ती चालवायला जावे तर यंत्र म्हणते, अशी फाइल नाही. फाइल असते, नसतो तो तिने मागितलेला लोडर, कारण त्याचे नाव दोन्ही पद्धतींत वेगळे आहे. कोणताही मोठा प्रोग्रॅम लिहिण्याआधी एक छोटा प्रोग्रॅम बांधून रीडएल्फ या साधनाने त्याची जात आणि लोडर बघून घ्यावा, हा धडा अशाच ठिकाणी मिळतो.

आणखी एक फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. जीसीसी स्वतःच्याच यंत्रासाठी बांधला तर तो तीन फेऱ्या करतो. जुन्या कंपायलरने पहिला, पहिल्याने दुसरा, दुसऱ्याने तिसरा; आणि दुसरा व तिसरा तंतोतंत जुळले तरच बांधणी मान्य होते. क्रॉस बांधणीत ही पडताळणी होत नाही, कारण तयार होणारा कोड इथे चालतच नाही. म्हणून तपासणी बोर्डावर करावी लागते, किंवा फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये लोकांपुढे आणलेल्या क्यूएमूसारख्या एम्युलेटरवर. हा सगळा खटाटोप पुढे डॅन केगेल यांच्या क्रॉसटूलने स्क्रिप्टमध्ये आणला आणि यान मोरँ यांचे क्रॉसटूल-एनजी व बिल्डरूट यांनी एका मेनूवर आणून ठेवला. तरीही मेनूमागे पावले तीच आहेत.

महाराष्ट्रात हे काम समजून शिकवणारे ठिकाण म्हणजे पवईची आयआयटी मुंबई. तिथे कंपायलरची परंपरा जुनी आहे. धनंजय ढमढेरे यांनी कोड सुधारण्याच्या पद्धतींवर जगन्मान्य संशोधन केले आणि सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगवरच्या त्यांच्या पाठ्यपुस्तकावर विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या. त्यांचे विद्यार्थी उदय खेडकर यांनी तिथेच जीसीसी रिसोर्स सेंटर उभे केले. त्यांच्या कार्यशाळांत जीसीसीची बांधणी, बिल्ड-होस्ट-टार्गेटचा हिशेब आणि मशीन डिस्क्रिप्शन हे मुख्य विषय होते. लाखो ओळींच्या या सोर्सची भीती घालवण्यासाठी त्यांनी ‘स्पिम’ या शिकण्यासाठीच्या प्रोसेसर-सिम्युलेटरचे वर्णन पायऱ्यापायऱ्यांनी मांडले: आधी नेमणूक, मग गणित, मग फंक्शन, मग अटी. एकेक पायरी चढली की कंपायलरला त्या यंत्राची तेवढी भाषा येते. असे काम आपल्याकडे फार थोड्यांनी केले आहे आणि त्याचे मोल मोठे आहे.

कंपायलरचे कूळ तपासण्याचे एक कारण केन थॉम्पसन यांनीच ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणातून १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात सांगितले. कंपायलरमध्ये एकदा लबाडी शिरली, की सोर्समधून तिचा मागमूस पुसला तरी ती पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाऊ शकते, कारण नवा कंपायलर बांधणारा जुना कंपायलरच लबाड असतो. डेव्हिड व्हीलर यांनी २००९ च्या प्रबंधात दुसऱ्या स्वतंत्र कंपायलरच्या मदतीने तिला पकडण्याची रीत दाखवली. आणि २०२३ मध्ये ग्विक्स प्रकल्पातल्या लोकांनी कुळाचे मूळच खणून काढले. अवघ्या ३५७ बाइटांच्या, माणसाला वाचून तपासता येईल अशा प्रोग्रॅमपासून एकेक साधन बांधत ते जीसीसीपर्यंत आणि तिथून पुऱ्या प्रणालीपर्यंत पोचले.

आपल्या देशाला हे का महत्त्वाचे, ते मार्च २०२५ मध्ये दिसले. इस्रोने आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीने प्रक्षेपकांसाठी घडवलेला ‘विक्रम ३२०१’ हा ३२ बिटांचा प्रोसेसर तयार होऊन हाती आला. त्याचा सूचनासंच इस्रोचा स्वतःचा. म्हणून ॲडा भाषेचा कंपायलर, असेंब्लर, लिंकर आणि सिम्युलेटर हेही इस्रोला स्वतःच घडवावे लागले. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ यांनी रिस्क-फाइव्ह हा खुला सूचनासंच घेतला. त्याला २०१७ च्या सातव्या आवृत्तीपासून जीसीसीत जागा आहे, त्यामुळे त्यांची टूलचेन कुणालाही सोर्समधून बांधता येते. वाटा दोन, निष्कर्ष एकच: ज्या चिपची टूलचेन आपल्याला बांधता येत नाही, ती चिप देशात तयार झाली तरी पुरती आपली होत नाही.

म्हणून इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या सर्वांना एक विनंती. कंपायलरच्या तासाला टोकन आणि पार्सर शिकवून थांबू नका. क्यूएमू फुकट आहे, जीसीसीचा सोर्स फुकट आहे, आणि ही बांधणी प्रयोगशाळेतल्या साध्या संगणकावर होते. प्रत्येक विद्यार्थ्याने पदवी घेण्याआधी एकदा तरी बिनयुटिल्सपासून दुसऱ्या खेपेच्या जीसीसीपर्यंतची सगळी पावले आपल्या हातांनी टाकावीत.