लाल रंगाचा भरवसा

बरीच वर्षं झाली या गोष्टीला. घरात नवीन वॉशिंग मशीन आलं होतं आणि मी उत्साहाच्या भरात दिसेल ते त्यात कोंबत होतो. चादरी, जीन्स, बाबांचे दोन पांढरे सदरे आणि दांडीवर राहिलेलं आजीचं इरकली लुगडं. तासाभराने झाकण उघडलं तर सदरे गुलाबी! सदऱ्यांचं एक वेळ ठीक होतं. पण इरकलीच्या लाल पदरावरची पांढरी नक्षीसुद्धा गुलाबी झाली होती, आणि ती काही परत पांढरी होणार नव्हती.

आजी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "अरे, चिंधीला विचारायचंस. नाहीतर मला."

चिंधीला विचारणं म्हणजे काय, ते आमच्या घरातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. नवीन रंगीत कापड आलं की आजी त्याचा एक कोपरा ओला करायची, त्यावर पांढरी चिंधी दाबून चोळायची. चिंधीला रंग लागला की ते कापड वेगळ्या बादलीत. तिच्या धुण्याचे ढीगही ठरलेले असत. पांढरी धोतरं आणि पंचे एकीकडे, पक्क्या रंगाचं दुसरीकडे, कच्च्या रंगाचं एकेकटं, रेशमी आणि लोकरीचं रिठ्याच्या पाण्यात, पायपुसणी आणि फडकी सगळ्यात शेवटी. आम्ही नातवंडं याला हसायचो. आजीचं सोवळं आता कपड्यांनाही लागू झालं, म्हणायचो.

माझा समज असा की ही पद्धत पूर्वापार चालत आलेली. पुढे रंगांचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा कळलं की यातला काही भाग खरंच जुना आहे, पण ती चिंधी मात्र बरीच आधुनिक म्हणायला हवी.

'कच्चा रंग' आणि 'पक्का रंग' हे आपले शब्द रंगाऱ्यांचे. जुन्या काळी सुती कापडाला पक्का लाल रंग द्यायचा तर मंजिष्ठ किंवा आल या झाडांची मुळं लागत. कापडाला आधी तुरटी लावायची, मग मुळांच्या काढ्यात उकळायचं. तुरटीतला धातू रंगाला धाग्याशी बांधून ठेवतो, म्हणून तो धुण्याला टिकतो. याउलट कुसुंब्याचा लाल, म्हणजे आपल्या करडईच्या पाकळ्यांचा. दिसायला फार देखणा, पण तो पाकळ्यांतून काढतातच मुळी खाराच्या पाण्याने. म्हणजे धुताना सोडा किंवा खार लागला की तो आला तसा निघून जाणार. असं कापड पुन्हा पुन्हा रंगवून घ्यावं लागे. पण गंमत अशी की यात फसवणूक नव्हती. रंगाचं नाव कळलं की त्याचा स्वभाव कळायचा. कुसुंबी म्हटलं की जपून, एवढं पुरे होतं.

हा भरवसा मोडला तो एकोणिसाव्या शतकात. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा क्विनीन बनवायच्या खटपटीत होता. क्विनीन झालं नाही, पण जांभळा रंग हाती लागला. तिथून कारखान्यातल्या रंगांची रांगच लागली. १८६९ च्या सुमारास मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांमधलं रंगद्रव्य, अलिझरीन, कोळशाच्या डांबरापासून बनू लागलं. ते तुरटीबरोबर वापरलं की पक्कंच होतं. मग १८८४ मध्ये जर्मनीत काँगो रेड आला. याला तुरटी नको, काही नको. गरम पाण्यात मीठ आणि रंग घालून सुती कापड बुडवा, झालं काम. रंगाऱ्याचा वेळ वाचला, खर्चही वाचला. पण या रंगाला धाग्याशी बांधणारं काहीच नव्हतं. तो नुसता चिकटून बसायचा आणि पाण्यात थोडा थोडा सुटत राहायचा.

आता दुकानात दोन लाल कापडं शेजारी शेजारी ठेवली तर बाईने ओळखायचं कसं? दोन्ही लालच. एक वर्षानुवर्षं टिकणार, दुसरं पहिल्याच धुण्यात नवऱ्याचं धोतर रंगवणार. दुकानदाराला विचारून उपयोग नाही, तो सगळं पक्कंच म्हणणार :) रंगाच्या नावावरून स्वभाव कळायचे दिवस संपले होते. मग उरली चिंधी. आजीची परीक्षा ही नव्या बाजाराला एका बाईने मोरीत बसून दिलेलं उत्तर होतं. तिला काँगो रेडचं नाव माहीत नव्हतं, पण पारख होती.

रिठ्याचंही तसंच. रेशीम आणि लोकर प्राण्यांपासून मिळते, आपल्या केसांसारखी ती प्रथिनांची बनलेली. सोड्याचा खार सुताला सोसतो, पण रेशीम आणि लोकर त्याने खराब होतात. रिठ्याचा फेस सौम्य असतो. म्हणून धोतराचा साबण पैठणीला चालत नाही. इरकलीत तर आणखी पंचाईत. अंग बहुधा सुती, पदर रेशमी, म्हणजे एकाच लुगड्यात दोन ढीग! ते मी जीन्सबरोबर गरम पाण्यात फिरवलं होतं.

१९५६ साली इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीने सुती कापडासाठी असे रंग बाजारात आणले, जे धाग्याशी रासायनिक बंधनाने जोडले जातात. आज सुती कपड्यांत असे रंग पुष्कळ वापरतात, म्हणून पूर्वीइतके अपघात होत नाहीत. तरी धाग्याशी न जोडलेला जास्तीचा रंग कारखान्यात नीट धुतला गेला नसेल, तर तो पहिल्या काही धुण्यांत आपल्याकडे निघतो. मिठाच्या पाण्यात भिजवून तो कायमचा पक्का होत नाही. जीन्सची निळ तर धाग्याच्या वरवरच बसलेली असते, घासलं की निघते. म्हणून चिंधी नुसती दाबायची नाही, चोळायची.

अमेरिकेत १९७१ मध्ये कपड्यावर धुण्याची सूचना लावायचा नियम झाला आणि चिंधीचं काम पट्टीवर गेलं. पण पट्टी हे सांगत नाही की जाड जीन्स आणि चेनवाली पँट पातळ मलमलीबरोबर घुसळली तर मलमल झिजते, किंवा टॉवेलचे तंतू काळ्या कपड्याला चिकटतात. रंग सुटो न सुटो, जाड आणि पातळ, मळकं आणि साधं वेगळं करायचं कारण अजून तसंच आहे. आजीची फडकी शेवटी असायची ती उगाच नाही.

एक गोष्ट मनाला लागते. पर्किनला 'सर' ही पदवी मिळाली, त्याचं नाव पुस्तकांत आहे. त्याच्या मागून आलेल्या रंगांचे परिणाम घरोघरी ज्यांनी निस्तरले, त्यांचं ज्ञान आपण 'बायकांची कटकट' म्हणून सोडून दिलं. मीही त्यातलाच.

असो. त्या इरकलीची पुढे आईने गोधडी शिवली. पदराचा तुकडा मधोमध आहे, गुलाबी झालेल्या नक्षीसकट. ती धुवायचं काम आता माझ्याकडे असतं. गार पाणी, रिठा आणि वेगळी बादली. पहिल्या वेळी पांढरी चिंधी चोळून पाहिली, तर इतक्या वर्षांनीही चिंधी गुलाबी झाली.