काटेरी झाडाचं बी

औषधशास्त्राच्या वर्गात मी मिल्क थिसलचं बी मुलांच्या तळहातावर ठेवते: काळपट, गुळगुळीत, चकचकीत. भूमध्य सागराकाठच्या या काटेरी झाडाच्या पानांवरचे पांढरे पट्टे म्हणजे मेरीमातेचं सांडलेलं दूध, अशी युरोपात श्रद्धा. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने त्याचा रस मधातून पित्तावर सांगितला. १९६८ साली म्युनिकला संशोधक वाग्नर यांच्या गटाने बियांतलं सिलिमरिन हे द्रव्य वेगळं केलं. मला मोलाचा वाटतो तो विषारी अळंब्यांचा अध्याय. ‘डेथ कॅप’ अळंबीचं विष यकृताच्या पेशींत शिरतं, सिलिमरिनमधलं सिलिबिनिन ती वाटच अडवतं. पण ते पाण्यात जेमतेम विरघळतं, म्हणून शिरेतून देण्यासाठी त्याचं विरघळणारं रूप घडवावं लागलं. म्हणजे चहातही ते फारसं उतरत नाही; मिल्क थिसलच्या चहाच्या पुड्या विकणाऱ्यांनी हे गिऱ्हाइकाला सांगायलाच हवं.